एमजीबीचा हीटर कोमट हवा देतो तेव्हा: उष्णता नेमकी कुठे अडते?

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा हीटर मुळातच कमजोर असतो, ही समजूत जुन्या गाड्यांच्या जगात फार पक्की बसली आहे. कित्येक मालक हिवाळाभर मांडीवर घोंगडी घेऊन गाडी चालवतात आणि हीटरकडे बघतही नाहीत. ही समजूत चुकीची आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीचा स्मिथ्स बनावटीचा हीटर साधा आहे, पण ठीकठाक असेल तर काचेवरचे धुके घालवतो आणि पायही शेकतो. तो कोमट झाला असेल तर इतक्या वर्षांत कुठेतरी गंज साचला आहे, कुठेतरी फोम झडला आहे, नाहीतर एखादी केबल अर्धीच ओढली जाते आहे. यातले काय झाले आहे हे हीटर न उघडताही कळते. ते आधी कळून घ्यावे, कारण या गाडीतून हीटरची पेटी बाहेर काढणे हे अख्ख्या गाडीतल्या सर्वांत चिवट कामांपैकी एक आहे.

खालची माहिती चार सिलिंडरच्या १७९८ सीसी इंजिनाची आहे. हे बी-सिरीज इंजिन, आणि आपल्या ॲम्बॅसडरचे जुने १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच घराण्यातले. ज्यांनी ॲम्बॅसडरचे हेड कधी उतरवले आहे त्यांना इथले पाण्याचे मार्ग ओळखीचे वाटतील. ज्या जुन्या गाड्यांचा हीटर इंजिनच्या पाण्यावर चालतो, त्या सगळ्यांना तपासणीचा हा क्रम लागू पडतो.

पाणी कुठून कुठे जाते

सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला दोन स्टडवर (एका टोकाने रुतलेल्या बोल्टवर) बसवलेला हीटरचा कॉक असतो. डॅशबोर्डवरचा तापमानाचा नॉब फिरवला की एकेरी तारेची केबल हा कॉक उघडते. तिथून अर्धा इंच आतल्या व्यासाच्या रबरी पाईपने गरम पाणी हीटरच्या जाळीत जाते. ब्रिटनमध्ये या जाळीला मॅट्रिक्स म्हणतात. जाळीतून निघालेले पाणी इंजिनच्या डाव्या बाजूने, मॅनिफोल्डच्या वरून पुढे जाणाऱ्या लोखंडी नळीतून रेडिएटरच्या खालच्या होजला, म्हणजे वॉटर पंपाच्या खेचणाऱ्या बाजूला मिळते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. हीटरचा हा फेरा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचे पाणी अडवणाऱ्या झडपेच्या, पलीकडून जात नाही. थर्मोस्टॅट बंद असतानाही हीटरमधून पाणी फिरत असते. म्हणून थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापेल, पण हीटर थंड राहणार नाही. उघड्या अवस्थेत अडकला तर मात्र सगळे पाणी रेडिएटरमधून जाते, इंजिन कधी पुरते तापतच नाही आणि हीटरला कोमट पाणी मिळते.

दोन पाईपांना हात लावा

आधी थंड इंजिनवर रेडिएटरमधली पाण्याची पातळी बघा. कमी असेल तर बाकी तपासणीला अर्थ नाही. पातळी भरा, आणि पाणी गेले कुठे तेही शोधा. गरम इंजिनवर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचे पाणी उसळून हात-तोंड भाजते.

मग तापमानाचा नॉब पूर्ण गरमवर ठेवून गाडी वीस मिनिटे रस्त्यावर चालवा. जागेवर उभे राहून इंजिन तापवले तर थर्मोस्टॅटचा दोष लपून राहतो, कारण तो समोरून वारा लागल्यावरच दिसतो. परत आल्यावर इंजिन चालू ठेवा, हीटरचा पंखा लावा आणि बॉनेट उघडा. इंजिनला बांधलेला पंखा असलेल्या गाडीत तो फिरतच असेल आणि विजेचा पंखा कधीही सुरू होऊ शकतो. बाह्या, मफलर आणि वायरी सांभाळा. आता जाळीत जाणारा आणि जाळीतून येणारा असे दोन्ही रबरी पाईप क्षणभर बोटाने चाचपा. त्यांना धरून बसू नका, ८० अंशांचे पाणी वाहणारा पाईप चटका देतो.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच, पण तो रबरावर रोखा. चकचकीत पितळ किंवा ॲल्युमिनियमवर तो खूप कमी आकडा दाखवतो. धातूवर मोजायचे असेल तर आधी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा.

आता जे दिसेल ते असे वाचायचे. दोन्ही पाईप कडक गरम आणि हवा तरी कोमट असेल तर पाण्याची बाजू ठीक आहे, दोष हवेच्या बाजूला. आत जाणारा गरम आणि बाहेर येणारा जेमतेम कोमट असेल तर पाणी फार हळू वाहते आहे: जाळी तुंबली, हवा अडकली, किंवा परतीची नळी गंजाने भरली. दोन्ही थंड असतील तर कॉक उघडत नाही किंवा हेडमधले भोकच बुजले आहे. दोन्ही सारखेच कोमट आणि तापमानाचा काटाही सुस्त असेल तर थर्मोस्टॅट.

पाणी हळू वाहिल्याने इतका फरक का पडतो? मिनिटाला ४ लिटर पाणी जाळीतून गेले आणि जाता जाता १० अंशांनी निवले, तर हवेला सुमारे २.८ किलोवॅट उष्णता मिळते. अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारे द्रव्य) मिसळल्याने हा आकडा किंचित उतरतो, तरीही घरातल्या २ किलोवॅटच्या हीटरपेक्षा जास्तच. प्रवाह १ लिटरवर आला तर पाणी ३० अंशांनी निवूनही २.१ किलोवॅटच मिळतात, आणि जाळीचा अर्धा भाग कोमट राहिल्याने हवाही कोमट लागते. म्हणून फक्त आत जाणारा पाईप चाचपून ‘पाणी तर गरम आहे’ असे ठरवू नका. खरी खबर परतीचा पाईप देतो.

थर्मोस्टॅट

एमजीबीला तीन प्रकारचे थर्मोस्टॅट ठरवलेले होते: उष्ण देशांसाठी ७४, नेहमीच्या वापरासाठी ८२ आणि थंड देशांसाठी ८८ अंश सेल्सिअसचा. गरम देशातून ब्रिटनमध्ये परत आणलेल्या गाडीत ७४ चा निघणे अगदी शक्य आहे, आणि कुणीतरी तो काढूनच टाकलेला असणेही. अंक थर्मोस्टॅटवरच छापलेला असतो.

त्याचे झाकण तीन स्टडवर बसते आणि ॲल्युमिनियमचे झाकण लोखंडी स्टडना गंजून असे घट्ट धरते की पान्याने नट निघाला तरी झाकण हलत नाही. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका, झाकण तडकते. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्या. मग लाकडी ठोकळा लावून बाजूंनी हलके ठोका आणि झाकण डावी-उजवीकडे डोलवत वर आणा. जोडताना नवे पॅकिंग घाला आणि स्टडना कॉपर ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी हा त्रास नाही.

थर्मोस्टॅट तपासायला पातेल्यात पाणी घ्या, तो दोऱ्याने टांगता ठेवा म्हणजे बुडाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरा आणि हळूहळू तापवा. ८२ चा असेल तर त्याच्या आसपास उघडू लागला पाहिजे आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. मिटल्यावर प्रकाशासमोर धरा. कडेने फट दिसली तर तो टाकून द्या. पाण्याचा प्रवाह कमी असताना ८८ चा घालून हीटर ‘सुधारायला’ जाऊ नका. तुंबलेली जाळी तुंबलेलीच राहते, आणि उन्हाळ्यात गाडी तापली की तो तुम्हालाच नडतो.

कॉक, आणि त्याच्या मागचा गाळ

इथे सावकाश काम करा. या गाडीतले बहुतेक थंड हीटर इथेच सापडतात.

सुरुवात केबलपासून. दुसऱ्या माणसाला नॉब फिरवायला सांगा आणि कॉकच्या दांड्याकडे बघा. पूर्ण गरमवर दांडा टोकाला जाऊन टेकला पाहिजे. बहुधा केबलचे बाहेरचे आवरण क्लिपमधून सरकलेले असते, त्यामुळे नॉब पूर्ण फिरतो आणि दांडा अर्ध्यावर थांबतो. तारेचा स्क्रू सैल करा, दांडा हाताने पूर्ण उघडा, नॉब पूर्ण गरमवर ठेवा आणि त्या अवस्थेत तार आवळा. थंडच्या टोकाला कॉक किंचित उघडा राहिला तर राहू द्या. हिवाळ्यात पूर्ण उघडणे महत्त्वाचे.

दांडा पूर्ण फिरूनही पाईप थंड असेल तर कॉक काढायचा. त्याआधी रेडिएटर रिकामा करा आणि ब्लॉकच्या उजव्या बाजूला मागे असलेली पाणी सोडायची तोटीही उघडा. ती उघडल्यावर थेंबही आला नाही, तर नेमके काय बिघडले आहे ते तुम्हाला कळले. पाणी संपलेले नसते, तोटीमागचा गाळ ते अडवून धरतो. इंजिनची मागची बाजू पंपापासून सर्वांत लांब, तिथे पाण्याचा वेग कमी, म्हणून ओतीव लोखंडातून सुटलेला गंज आणि क्षार तिथेच बसतात. तोटी पूर्ण काढा, भोकात जाड तार घालून गाळ फोडा आणि वरून पाणी सोडत राहा. आधी चहाच्या चोथ्यासारखा गाळ, मग तांबडे पाणी, मग स्वच्छ पाणी येईल. स्वच्छ येईपर्यंत थांबू नका. हा गाळ इंजिनमध्ये ठेवून नुसती जाळी धुतली, तर काही महिन्यांत तोच गाळ जाळीत जाऊन बसतो.

कॉकचे दोन नट काढून तो उचलला की हेडमधले भोक दिसते. त्यात गंजाचा थर बसून ते बोरूच्या टोकाएवढे झालेले असते. लाकडी काडीने किंवा बोटांत धरलेल्या ड्रिलच्या पात्याने ते हळू खरवडा, मशीन लावू नका. कॉक उघडा ठेवून त्यातून फुंकून बघा. वारा अडखळला तर तो बदला. नवा कॉक घेतानाही फुंकून बघा आणि आत डोकावून भोक पुरेसे मोठे आहे ना ते पाहा. बाजारात मिळणारे नकली कॉक कधी पुरते उघडत नाहीत, तर कधी पुरते मिटत नाहीत. बसवताना हेडवरचे जुने पॅकिंग पात्याने खरवडून पृष्ठभाग सपाट करा आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली तर कॉकचा पाया वाकतो आणि थेंब थेंब गळत राहतो.

परतीची लोखंडी नळी दोन्ही टोकांनी सोडवून तिच्यातूनही पाणी सोडून बघा. आतून गंजून अर्धी झालेली नळी बाहेरून ठणठणीत दिसते. बदलायची तर तांब्याची किंवा स्टेनलेसची घाला. रबरी पाईपही तपासा. जुन्या पाईपचा आतला थर सुटून आतच लोंबतो आणि झडपेसारखा प्रवाह अडवतो. चाचपल्यावर पाईप आत भुसभुशीत लागला तर सरळ नवा टाका.

जाळी धुणे

जाळीचे दोन्ही पाईप सोडवायचे आहेत, पण ते ओढून काढू नका. जाळीची तोंडे नुसत्या डागावर (सोल्डरच्या जोडावर) टिकलेली असतात. जोर लावला की तोंड हातात येते आणि मग पेटी काढण्यावाचून इलाज नाही. क्लिप सैल करा आणि रबरावर लांबीच्या दिशेने पात्याने चीर देऊन ते सोलून काढा. पाईपचा खर्च जाळीपुढे काहीच नाही.

धुताना उलट्या दिशेने धुवा, म्हणजे पाणी ज्या तोंडातून बाहेर येते त्यातून बागेचा पाईप लावा. नळ बेताने उघडा. नगरपालिकेच्या पूर्ण दाबाने जुना डाग उसवतो. पाच-सहा मिनिटे उलट, मग सुलट, पुन्हा उलट. तेवढ्याने प्रवाह सुटला नाही तर १ लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून जाळी भरा आणि अर्धा-पाऊण तास ठेवा. मग भरपूर पाण्याने धुवा, खाण्याच्या सोड्याचे सौम्य पाणी फिरवा आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा. हे तांब्या-पितळेच्या जाळीसाठी सांगितले आहे. कुणी ॲल्युमिनियमची जाळी बसवली असेल तर नुसत्या पाण्यावर भागवा. आम्लाने कधी कधी गंजाने बुजलेले जुने छिद्रही उघडे पडते. गळती दिसली तर ती आम्लाने निर्माण केली असे समजू नका, ती होतीच. गळती बुजवणारी पावडर मात्र या गाडीत कधीच घालू नका. ती सर्वांत बारीक नळ्या आधी बुजवते, आणि सगळ्या व्यवस्थेत सर्वांत बारीक नळ्या हीटरच्या जाळीच्याच असतात.

भरताना हवा अडकू देऊ नका

गाडीचे नाक चढावर किंवा रॅम्पवर वर ठेवा, कॉक पूर्ण उघडा. परतीचा रबरी पाईप पुढच्या लोखंडी नळीपासून सोडवून वर धरा, त्यात नरसाळे लावा आणि अँटिफ्रीझ व पाण्याचे मिश्रण हळू ओता. ते जाळीतून आणि कॉकमधून उलटे हेडमध्ये जाईल आणि हवा पुढून रेडिएटरच्या तोंडातून निघेल. पाईप काठोकाठ भरला की चटकन जोडून टाका आणि उरलेले रेडिएटरमधून भरा. झाकण न लावता इंजिन मंद चालवा, वरचा होज गरम होईपर्यंत थांबा आणि पातळी उतरेल तशी भरत जा. रबरी होज मधून मधून दाबले की बुडबुडे लवकर सुटतात. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी पुन्हा बघा.

मॉडेलप्रमाणे साधारण साडेपाच ते साडेसहा लिटर मिश्रण लागते. निम्मे अँटिफ्रीझ आणि निम्मे पाणी घेतले तर ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नेहमीचे निळे, इथिलिन ग्लायकॉलचे, जुन्या गाड्यांसाठीचे अँटिफ्रीझ घ्या. नव्या गाड्यांसाठीची काही मिश्रणे जुन्या डागाला आणि पॅकिंगला मानवत नाहीत. पाणी शुद्ध केलेले वापरा. काढलेले मिश्रण उघडे ठेवू नका किंवा गटारात ओतू नका. ते गोड लागते, म्हणून मांजरे-कुत्री चाटतात, आणि ते विषारी आहे.

दोन्ही पाईप गरम, तरी हवा कोमट

आता हवेची बाजू. हवा काचेपुढच्या जाळीदार झडपेतून आत येते, पंख्यातून आणि मग हीटरच्या जाळीतून जाऊन खाली उतरते. झडपेखालच्या पोकळीत पाने आणि मातीचा चिखल साचतो. तिथून पाणी बाहेर सोडणारी रबरी नळीही तुंबते, आणि मग पावसाचे पाणी थेट पायाखाली येते. गालिचा ओला असेल तर आधी ही नळी बघा. वास्तविक ती दर शरद ऋतूत साफ करायला हवी. गालिच्यात गोडसर वासाचा ओलावा आणि काचेवर तेलकट थर असेल तर मात्र पावसाचा संबंध नाही, जाळी गळते आहे.

गाडी ताशी ८० किलोमीटरने जात असताना पंखा बंद करून हवा येते का बघा. चालत्या गाडीत भरपूर येते आणि उभ्या गाडीत येत नाही, तर दोष पंख्याचा. पंखा चालू असताना मोटरच्या दोन टोकांवर मीटर लावा आणि तो आकडा बॅटरीच्या आकड्याशी ताडून पाहा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर फ्युजबॉक्सची काळवंडलेली टोके, गोळीच्या आकाराचे वायर जोड आणि अर्थिंग घासून साफ करा. १९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असे. त्यांतल्या अनेकांचे नंतर निगेटिव्ह अर्थ केले गेले. कायम चुंबकाची मोटर असेल तर अशा बदलानंतर ती उलटी फिरते. पिंजऱ्यासारखा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने येते, फक्त फार कमी. म्हणून हा दोष वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली की काम झाले.

पंखाही ठीक, पाणीही गरम, हवेचा जोरही चांगला, आणि तरी हवा कोमट. अशा वेळी जाळीभोवतीचा फोम झडलेला असतो. जाळी आणि पत्र्याची पेटी यांच्यामधली फट या फोमने बुजवलेली असते. तो चुरा होऊन गेला की थंड हवा जाळीतून न जाता कडेने निसटते आणि गरम हवेत मिसळते. वारा नेहमी सोपी वाट धरतो. पंखा लावल्यावर पायाशी काळा भुगा उडत असेल तर तो हाच फोम. यासाठी पेटी काढावीच लागते. पाणी सोडायचे, पाईप, केबल आणि वायरी सुट्या करायच्या, डॅशखालून काचेकडे हवा नेणारे दोन नळ काढायचे, कडेचे स्क्रू काढायचे आणि मग पेटी पुढेमागे डोलवत वर उचलायची. खालचे सील चिकटलेले असते, म्हणून ओढण्याआधी पातळ पाते फिरवा. निवांत एक दिवस हाताशी ठेवा.

पेटी निघालीच तर सगळे एकदाच करा. जाळी रेडिएटरच्या दुकानात दाबाखाली तपासून घ्या. कडेने बंद पेशींचा फोम लावा, कारण उघड्या पेशींचा फोम पाणी शोषतो आणि पेटी गंजवतो. फोम फटीपेक्षा २-३ मिलिमीटर जाड घ्या म्हणजे दाबून बसेल. आतल्या झडपेवरचा फोमही बदला, पत्र्याला रंग द्या, आणि पेटी व गाडीचा पत्रा यांमधले सील नवे घाला. ते सील हुकले तर इंजिनच्या बाजूची हवा, आणि एक्झॉस्ट गळत असेल तर त्याचा धूरही, आत खेचला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एक्झॉस्टचे जोड याच वेळी तपासून घ्या.

पेटी परत बसवल्यावर काचेकडे जाणारे दोन्ही नळ टोकांना घट्ट बसले आहेत का, हे हात घालून बघा. डॅशमागे ते सहज निसटतात आणि सगळी गरम हवा वायरिंगवर जाते. पायाशी, गिअरबॉक्स झाकणाऱ्या मधल्या बोगद्याच्या दोन्ही बाजूंना हाताने उघडायची दारे असतात, तीही उघडी आहेत ना पाहा. शेजारच्या बाजूचे दार तर कित्येक गाड्यांत कुणी कधी उघडलेलेच नसते. गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर आणि केबलींची भोके यांतूनही थंड वारा येतो. अगरबत्तीचा धूर त्यांच्याजवळ धरून गाडीचा पंखा लावला की धूर कुठे हलतो ते दिसते, आणि तिथे रबरी ग्रोमेट बसवायचा.